‘ते बाबांचं रॉकेट आहे’

‘मुलगा फार धरसोड करतो, मोठ्या उत्साहाने काहीतरी सुरू करतो आणि चार दिवसांत टाकून देतो, त्याच्यात चिकाटी कशी आणायची?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक पालक येतात. गेल्या वर्षी नाशिकमधील एक जोडपे आपल्या पाचवीतल्या मुलाबद्दल हेच विचारत होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. तबला सुटला होता, बुद्धिबळ सुटले होते आणि आता ज्या रॉकेटसाठी वडिलांनी दोन महिने रविवारची झोप मोडली होती, त्याकडे मुलगा ढुंकूनही पाहत नव्हता.

वडील कारखान्यात अभियंता होते. अमेरिकेत मुले बंदुकीची दारू भरलेल्या तयार मोटरी बसवून कागदी नळ्यांची रॉकेटे उडवतात, ए, बी, सी अशा अक्षरांनी त्या मोटरींची ताकद ठरते आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला तिची कमाल मर्यादा दुप्पट होते, हे त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांतच समजावून सांगितले. तशा मोटरी आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि घरी दारू ठासण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये, म्हणून त्यांनी पाण्याचे रॉकेट निवडले होते. हा निर्णय शहाणपणाचा होता, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले. दोन लिटरची शीतपेयाची बाटली, पुठ्ठ्याची शेपटीची पाती, तोंडात घट्ट बसणारे रबरी बूच, बुचातून आरपार गेलेली फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई, तिला जोडलेली लांब नळी आणि दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप, एवढेच त्याचे साहित्य; बाटलीत थोडे पाणी घालून हवा भरत गेले की दाबाने बूच सुटते, पाणी खाली फेकले जाते आणि रॉकेट वर उडते.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मात्र ते रॉकेट सरळ वर न जाता कलंडले आणि मैदानाच्या कडेला जाऊन आदळले. कोणाला लागले नाही, पण मुले हसली. घरी येताना वडील एवढेच म्हणाले, ‘तरी मी सांगत होतो, त्या पात्यांना हात लावू नकोस म्हणून.’ त्यानंतर तो विषय घरात निघालाच नाही.

मुलाशी मी स्वतंत्रपणे बोललो. रॉकेटचे चित्र काढायला सांगितले तेव्हा त्याने ते चटकन आणि अचूक काढले, म्हणजे आवड आटलेली नव्हती. यातले तू काय काय केलेस, असे विचारल्यावर त्याने बराच वेळ पेन्सिल फिरवली आणि टोकाच्या टोपीवर बोट ठेवले. ‘ही मी रंगवली. बाकी ते बाबांचं रॉकेट आहे.’ मग हळूहळू कळले की पाती आधी त्यानेच चिकटवली होती, ती थोडी तिरकी बसली होती आणि तो झोपल्यावर वडिलांनी ती काढून काटकोनात पुन्हा बसवली होती. प्रदर्शनाच्या सकाळी त्याने त्यांतले एक पाते गुपचूप पुन्हा आपल्या पद्धतीने लावले होते.

वडिलांना हे सांगणे मला सोपे गेले नाही, कारण दिवाळीच्या किल्ल्यात मुलीने उभारलेला बुरूज ‘जरा’ सरळ करणारा बाप मीही आहे. गंमत अशी की १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या भारतीय उपग्रह प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण बंगालच्या उपसागरात कोसळले तेव्हा इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर उभे राहिले आणि १८ जुलै १९८० रोजी यश मिळाल्यावर त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केले, ही गोष्ट या वडिलांनीच मुलाला अनेकदा सांगितली होती. ‘आणि प्रदर्शनाच्या दिवशी तुम्ही कोण होतात?’ एवढेच मी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले.

मुलाला चिकाटी शिकवण्याचा कार्यक्रम आम्ही आखलाच नाही. कामाची वाटणी बदलली. सुरक्षिततेचा शब्द वडिलांचा राहिला: मोकळे मैदान, डोळ्यांना चष्मा, ओरखडे पडलेली बाटली बाद, आणि बूच कोणत्या दट्ट्याला सुटेल याचा नेम नसल्यामुळे पंप सुरू झाल्यावर रॉकेटजवळ कोणीही जायचे नाही, उडाले नाहीच, तर पंपाच्या टोकाकडून नळी काढून हवा सोडायची. पंप मारायचा तोही वडिलांनीच. बाकी सगळे मुलाचे, चुकीसकट. उड्डाणानंतर वडिलांनी कारण सांगायचे नाही, ‘तुला काय दिसलं?’ असे विचारायचे आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलून ती वहीत लिहायची. वडिलांना सर्वांत अवघड गेला तो हाच भाग; पहिल्या रविवारी आपण हात पाठीमागे बांधून उभे होतो, असे त्यांनी नंतर हसत सांगितले.

तिसऱ्या भेटीला मुलगा वही घेऊन आला. बाटली जवळजवळ भरून घेतली तेव्हा रॉकेट जेमतेम उठले, कोरडी ठेवली तेव्हा नुसता फट् आवाज करून थोडे उडाले, तिसरा हिस्सा पाणी असताना सर्वांत उंच गेले. ‘पाणी जास्त झालं की हवेला जागाच उरत नाही, आणि पाणीच नसलं तर खाली फेकायला काही नसतं,’ हे त्याने मला ज्या घाईने समजावले, ती घाई त्याच्या वडिलांचीच होती. कलंडण्याचे कारणही त्याने शोधले होते: टोक हलके पडत होते. गणपतीची उरलेली शाडू टोपीत भरून, तोल साधतो तिथे दोरी बांधून त्याने रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवून पाहिले. टोक पुढे राहिले तर उडवायचे, नाही तर आणखी शाडू. पाती अजूनही थोडी तिरकीच होती, त्यामुळे रॉकेट वर जाताना स्वतःभोवती फिरत असे, आणि ते त्याला आवडत होते.

जूनमध्ये आईचा फोन आला, तो काळजीचाच. रॉकेट पुन्हा सुटले होते, आता तो जुनी सायकल खोलून बसला होता. मी त्यांना विचारले की रॉकेटचे नाव काढल्यावर तो तोंड फिरवतो का. त्या म्हणाल्या, ‘छे, परवा मावसभावाला बूच आणि वही देऊन टाकली, आणि बूच किती दाबायचं ते अर्धा तास शिकवत बसला होता.’ मग मी त्यांना पुढची वेळ दिली नाही.