वासाचा पांढरा गुलाब हवाय, पण जागा हातभर

दिवाळी आटोपली की आपल्या इंदुरात गुलाबांचे दिवस सुरू होतात, आणि मला येणाऱ्या पत्रांचेही. यावेळी बहुतेकांना पांढराच गुलाब हवाय, तोही वासाचा, आणि जागा सगळ्यांचीच लहान. म्हणून हे चार प्रश्न एकत्रच घेतलेत.

ताई नमस्कार. आमच्या रो-हाऊसपुढे सहा बाय आठ फुटांचा तुकडा आहे. सासूबाईंना देवाला वाहायला वासाचा पांढरा गुलाब पाहिजे. मागच्या वर्षी ‘खुशबूवाला सफेद’ सांगून एक झाड दिलं गेलं, फुलं भरपूर आली पण वास अजिबात नाही. आता कोणती जात घेऊ? – एक वाचक, सुदामानगर

तुमचं दुःख मला कळतं, कारण माझ्याबरोबर हेच दोनदा झालंय, आणि दुसऱ्यांदा तर मी चांगली चिठ्ठी वाचून घेतलं होतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, गुलाब नाकाने घ्यायचा. पावसाळ्यात नर्सरीत स्वस्त मिळतात म्हणून नुसती हिरवी झाडं उचलू नका, डिसेंबर-जानेवारीत झाडावर फूल असताना जा, आणि सकाळी नऊ-दहाच्या आत जा. दुपारी ऊन तापलं की वास उडून जातो, चांगल्या झाडाचाही. फूल अर्धं उमललेलं असेल तेव्हा नाक जवळ नेऊन बघा, कारण घट्ट कळीला वास नसतो आणि पूर्ण पसरलेल्या फुलाचा बराचसा निघून गेलेला असतो. वास आला तर तेच झाड उचला, शेजारचं ‘सेम’ म्हणून दिलं तरी घेऊ नका.

नावं माहीत असलेली बरी, म्हणून सांगते. हायब्रिड टी म्हणजे लांब दांड्यावर एकेक मोठं, टोकदार कळीचं फूल देणारा गुलाब. या गटातला पहिला मानला जातो तो फ्रान्समधला ‘ला फ्रान्स’, 1867 चा. पांढऱ्यात ‘जॉन एफ. केनेडी’ 1965 सालचा, त्याची कळी थोडी हिरवट असते आणि उमलत जाते तशी पांढरी होते, वास चांगला. ‘पोप जॉन पॉल दुसरे’ 2006 चा, त्याला लिंबासारखा तेज वास आहे, मिळाला तर सोडू नका. ‘पास्कली’ फार नावाजलेला, फूल अगदी देखणं, पण वास हलका, सासूबाई नाराज होतील. आणि ‘आईसबर्ग’ खूप ठिकाणी दिसतो, तो हायब्रिड टी नाहीच, फ्लोरिबंडा आहे, झुबक्यांनी फुलतो, वास नावापुरता. मला वाटतं ‘खुशबूवाला सफेद’ म्हणून पुष्कळदा हाच हातात दिला जातो.

वास गेला कुठे हे विचाराल तर, बाजारासाठी गुलाब तयार करताना वर्षानुवर्षं लांब दांडी, घट्ट कळी आणि फुलदाणीत टिकणं एवढंच बघितलं गेलं, वासाकडे कुणी पाहिलं नाही. 2015 मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना गुलाबाच्या वासामागचा एक जीन सापडला, वासाच्या जातींत तो जोरात काम करतो आणि बिनवासाच्या जातीत जवळजवळ गप्प असतो. म्हणजे झाडातच नसेल तर खत घालून वास येणार नाही, उगाच पैसे घालू नका.

घेताना बुंधा पण बघा. डोळा भरलेली जागा, म्हणजे रानगुलाबाच्या बुंध्यावर चांगल्या जातीचं कलम जिथे केलेलं असतं ती खाली गाठ दिसते ना, तिथून कमीत कमी तीन जाड फांद्या वर निघालेल्या हव्यात. आणि त्या तुकड्यात तीन-चार झाडं कोंबण्यापेक्षा दोनच लावा, मध्ये अडीच फूट ठेवून, हवा खेळायला पाहिजे.

आमच्याकडे पक्की काळी माती. पावसाळ्यात पाणी साचलं आणि चांगला वाढलेला पांढरा गुलाब आठवड्यात गेला. दुसऱ्याची नवी पानं पिवळी आहेत, शिरा मात्र हिरव्या. गमल्यात लावला तर जगेल का? – एक वाचक, लोकमान्यनगर

जगेल, आणि मी तर म्हणीन की मातीत लावला तरी जगेल, फक्त उंच लावा. माळव्याची काळी माती गुलाबाला खायला भरपूर देते पण भिजली की फुगते, आतली हवा बंद होते, मुळं अक्षरशः गुदमरतात. त्यात खोल खड्डा करून मऊ माती भरली तर तो खड्डा हौदच होतो, चारही बाजूंनी पाणी झिरपून त्यात येऊन बसतं. तुमचं झाड बहुतेक असंच गेलं असणार. म्हणून जमिनीवर विटांचा फूटभर उंच वाफा बांधा, त्यात एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती, एक भाग जुनं शेणखत किंवा कंपोस्ट. गमला घेतलात तर चौदा इंचांचा तरी घ्या, खाली भोकं मोठी हवीत, आणि गमला विटांवर ठेवा म्हणजे भोकं बंद होत नाहीत. डोळा भरलेली गाठ मातीच्या दोन बोटं वरच ठेवा, ती गाडली की तिथेच सड लागते.

कंपोस्टसाठी बाहेर जायचीही गरज नाही. जगात ज्याला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ते कंपोस्ट आपल्याच गावात तयार झालंय, 1924 ते 1931 या काळात इथल्या शेतकी संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ते बसवलं. काडीकचरा, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर, ओलावा निथळलेल्या स्पंजइतका, आणि अधूनमधून उलथापालथ. स्वयंपाकघरातला ओला कचरा आपण वेगळा ठेवतोच, त्यात वाळलेली पानं मिसळा, तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत मिळतं आणि त्याला जंगलातल्या मातीसारखा वास येतो. वास आंबूस आला तर तयार झालेलं नाही, गुलाबाला घालू नका.

पिवळ्या पानांचं म्हणाल तर शिरा हिरव्या आणि नवीनच पानं पिवळी, म्हणजे लोह मिळत नाहीये. मातीत असतं, पण माती अल्कली असली आणि वर बोअरिंगचं खारट-जड पाणी पडलं की मुळांना ते उचलता येत नाही. चिलेटेड आयर्न म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह मिळतं, ते डब्यावरच्या मापाने संध्याकाळी पानांवर फवारा, आणि जमेल तेव्हा नळाला येणारं नर्मदेचं पाणी द्या. आठवडाभरात फरक दिसायला लागतो.

कळ्या येतात पण उमलत नाहीत, कडा तपकिरी. काही पाकळ्यांवर गुलाबी ठिपके, पांढऱ्यात गुलाबी मिसळला का? – एक वाचक, रामबाग

नाही नाही, काही मिसळलं नाही. एक कळी तोडा, पांढऱ्या कागदावर धरून पाकळ्या एकेक करून उलगडा. आत पिवळसर, सुईच्या टोकाएवढे लांबट किडे सरपटताना दिसले तर ते थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे. फिक्या रंगाच्या फुलांवर ते जास्त येतात, म्हणून शेजारचा लाल गुलाब छान असतो आणि आपलाच पांढरा खराब दिसतो. खराब कळ्या तोडून बंद पिशवीत घालून फेका, झाडाखाली टाकू नका. निळे चिकट कागद टांगा, आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल, थोडा साबण, असं आठवड्यातून एकदा. तेज औषध फुलांवर मारू नका, मधमाश्या येतात त्यांच्यावर, आणि फूल देवघरात, मुलांच्या हातात जाणार असतं.

किडे दिसले नाहीत आणि गुलाबी ठिपके कड्यासारखे गोल असतील तर ती बुरशी आहे. ढगाळ, दमट हवेत किंवा फुलांवर रात्री पाणी राहिलं की येते. पाणी सकाळी, फक्त बुडाशी द्यायचं, नळीने झाडाला अंघोळ घालायची सवय सोडा, काळे ठिपकेसुद्धा त्यानेच वाढतात. आणि थंडीत अख्खी पाकळी हलकी गुलाबी झाली तर ती थंडीची लाली, काळजी नको.

छाटणी राहिली, आता डिसेंबर लागला. आता करू का? आणि बुंध्याजवळून सात पानांची एक जोरदार फांदी आलीये, कापू का? – एक वाचक, स्नेहलतागंज

छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरच्या मधल्या पंधरवड्यात करायची, मग साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी म्हणजे डिसेंबर लागता लागता पहिला बहर. आता जोरात कापलंत तर अख्खा हिवाळा हातातून जाईल. वाळलेल्या, आत वळलेल्या, काडीसारख्या बारीक फांद्या फक्त काढा, आणि फूल तोडतानाच थोडी छाटणी होऊ द्या, पाच पानांच्या देठावर, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, वर अर्धा सेंटीमीटर.

फांदीचं सांगते. एका देठावर सात पानं म्हणजे फांदी जंगली असं म्हणतात, पण ते खरं नाही, चांगल्या कलमालाही सात पानं येतात. माती बोटांनी बाजूला करून ती कुठून निघाली ते बघा. गाठीच्या वरून असेल तर सोन्यासारखी जपा, पुढच्या वर्षीची फुलं तीच देणार. गाठीच्या खालून असेल तर ती रानफांदी, कापू नका, मुळाशी धरून खाली ओढून उपटा. कापली तर तिथूनच चार फुटतात आणि दोन वर्षांत पांढरा गुलाब जाऊन नुसतं रानटी झुडूप उरतं, माझ्या आईच्या अंगणात असंच झालं होतं आणि आम्हाला ते फुलं बदलल्यावरच कळलं.