बसमधे आग लागली तर आपण काय करू शकतो?
तुम्ही विचारलं की एसटी-ट्रॅव्हल्समधे आगीपासून वाचायला साध्या माणसानं काय करावं, तर भाऊ, पहिले चढल्याबरोबर आपत्कालीन दरवाजा अन काच फोडायची हातोडी कुठं आहे ते पाहून घ्या. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स उलटून पेटली, २५ जण गेले, गाडी दरवाजाच्याच अंगावर पडली होती ना, लोक निघतील कुठून? बाजूची काच फोडताना मधात नाही, कोपऱ्यात मारा.

दुसरी आपल्याकडचीच खोड, फवारणीच्या पंपासाठी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घ्यायचं, झाकण ढिलं, अन काळीपिवळीत सीटखाली सरकवायचं, वरून ड्रायव्हर बिडी ओढून राहिला! मी तर सरळ उतरतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड राहते, खालीच साचते, एक ठिणगी पुरे. गॅसवाल्या व्हॅनमधे वास आला की गाडी बंद, सगळे खाली, लायटर-बिडी काहीच नको.

आग विझवायच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्यात पाहिजे, पिन काढून फवारा ज्वाळेवर नाही, बुडाशी मारायचा. अन थैलीसाठी वापस चढू नका बाप्पा.