श्लोक हाती घेताना: मागचा आणि पुढचा वाचून मगच बोल

प्रिय मित्रा,

'शास्त्रात जात आहे की नाही, एका वाक्यात सांगा,' असं तू लिहिलंस. एका वाक्यात सांगतो. आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलणंही त्याच शास्त्रात आहे. पण एवढ्यावर वाद घालायला जाऊ नकोस. या विषयात माणसं हरतात ती मुद्द्यावर नाही, संदर्भावर. चुकीचा श्लोक चुकीच्या ग्रंथाच्या नावावर खपवला की समोरचा तेवढीच चूक धरून बसतो आणि ज्या अन्यायाबद्दल बोलायचं होतं तो बाजूला राहतो.

आधी वर्ण आणि जात वेगळी कर. वर्ण चार, ही ग्रंथातली मांडणी. जाती हजारोंनी, त्या गावातल्या, लग्नाच्या आणि जेवणाच्या व्यवहारातल्या. या दोन्हींचा सांधा जुळवायचं काम मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने केलं आहे. चार वर्णांतले स्त्री-पुरुष वेगवेगळ्या वर्णांचे धरले तर बारा जोड्या होतात: पुरुष वरच्या वर्णाचा असेल अशा सहा अनुलोम, स्त्री वरच्या वर्णाची असेल अशा सहा प्रतिलोम. यांतल्या बहुतेक जोड्यांच्या संततीला एकेक जात चिकटवली आहे. ब्राह्मण पिता आणि वैश्य माता असेल तर अंबष्ठ. शूद्र पिता आणि ब्राह्मण माता असेल तर चांडाळ, सगळ्यांत खाली. आता नावं नीट बघ. मागध म्हणजे मगधाचा, वैदेह म्हणजे विदेहाचा. ही प्रदेशांवरून पडलेली नावं आहेत. मगधातली सगळी माणसं वैश्य पुरुष आणि क्षत्रिय स्त्रीच्या पोटी जन्मली, हे शक्य तरी आहे का? जाती आधीपासून होत्या आणि त्यांना चार वर्णांच्या चौकटीत बसवण्यासाठी संकराचा, म्हणजे वर्णांच्या मिश्रणाचा, हिशोब नंतर मांडला गेला, हे त्या यादीवरूनच दिसतं. थोडं पुढे 10.44 मध्ये यवन, शक आणि चीनसुद्धा क्रियालोपामुळे, म्हणजे संस्कार सुटल्यामुळे, पतित झालेले क्षत्रिय ठरवले आहेत.

कोणताही श्लोक हातात आला की तो कुठला, श्रुती (वेद आणि उपनिषदं) की स्मृती (मनुस्मृतीसारखे धर्मग्रंथ) की पुराण, हे आधी बघ. मग तो आज्ञा करतो की नुसतं वर्णन वा स्तुती करतो, ते तपास. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे जुने पंडित, यालाच विधी आणि अर्थवाद म्हणतात, आणि हे हत्यार परंपरेचंच असल्यामुळे कोणी नाकारू शकत नाही. त्यानंतर मागचा आणि पुढचा श्लोक वाच. शेवटी टीकाकारांनी काय अर्थ लावला आणि व्यवहारात त्याचं काय झालं, तिकडे वळ.

पुरुषसूक्तावर हे करून बघू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 90वं सूक्त, ऋचा 16. अकराव्या ऋचेत प्रश्न आहे: या पुरुषाचं मुख काय होतं, बाहू कोणते, मांड्या आणि पाय कशाला म्हणतात? बाराव्या ऋचेत उत्तर: 'ब्राह्मणोऽस्य मुखमासीद् बाहू राजन्यः कृतः। ऊरू तदस्य यद्वैश्यः पद्भ्यां शूद्रो अजायत॥' व्याकरणाकडे लक्ष दे. ब्राह्मण मुख 'होता', राजन्य (क्षत्रिय) बाहू 'केला गेला', वैश्य म्हणजे मांड्या. 'जन्मला' हे क्रियापद फक्त चौथ्याला, आणि 'पद्भ्यां' ही पंचमी, म्हणजे पायांपासून. संपूर्ण ऋग्वेदात 'शूद्र' हा शब्द याच एका जागी येतो. इथे कोणी काय काम करावं याची आज्ञा नाही. कोणाला शिवू नये, हेही नाही. दोन ऋचा पुढे त्याच पायांपासून भूमी निर्माण होते.

आता मनुस्मृती 1.87 उघड. तिथे शब्द आहे 'मुखबाहूरुपज्जानाम्', म्हणजे मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून जन्मलेल्यांची. या एका समासात चारही वर्ण 'जन्मलेले' झाले आणि त्यांची कामं वेगळी नेमली गेली. 1.91 म्हणतं की प्रभूने शूद्राला एकच कर्म नेमून दिलं: बाकी तिघांची असूया न करता सेवा. सूक्तातली प्रतिमा स्मृतीत कायदा झाली ती अशी. हा प्रवास दाखवता आला तर तुझं निम्मं काम झालं.

पण इथेच एक सोयीची वाट फुटते: 'वेद निर्मळ, स्मृतींनी बिघडवलं.' तिच्यावर जाऊ नकोस. तैत्तिरीय संहिता ही श्रुतीच आहे आणि तिच्या सातव्या कांडाच्या आरंभी स्पष्ट वाक्य आहे: 'तस्माच्छूद्रो यज्ञेऽनवक्लृप्तः', म्हणून शूद्र यज्ञाला योग्य नाही. कारण दिलं आहे की प्रजापतीने पायांपासून शूद्र निर्माण केला तेव्हा त्याच्यासोबत देवता निर्माण झाली नाही. छांदोग्य उपनिषदात (5.10.7) चांगल्या आचरणाचे ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जातात आणि वाईट आचरणाचे कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या. मनुष्ययोनी आणि पशुयोनी एका ओळीत बसवणारं हे वाक्य उपनिषदातलं आहे. ते लपवू नकोस.

सगळ्यात जास्त घोळ ज्या श्लोकावर होतो तो मनुस्मृती 10.65: 'शूद्रो ब्राह्मणतामेति ब्राह्मणश्चैति शूद्रताम्।' शूद्र ब्राह्मण होऊ शकतो, ब्राह्मण शूद्र होऊ शकतो, म्हणजे मनू गुणांनी वर्ण मानतो, असं ठणकावून सांगितलं जातं. मागचा श्लोक, 10.64, वाच. तिथे ब्राह्मणापासून शूद्र स्त्रीला झालेल्या संततीची गोष्ट चालली आहे. ती संतती श्रेष्ठ वर्णाशी विवाहसंबंध करत राहिली तर 'आ सप्तमाद्युगात्', सातव्या पिढीपर्यंत वरच्या जातीला पोचते. पुढच्या श्लोकातलं 'एति' (पोचतो) हे या सात पिढ्यांचं आहे. अभ्यासाने किंवा सदाचाराने याच जन्मी वर्ण बदलण्याशी त्याचा संबंध नाही. उलट यातून रक्ताचाच हिशोब पक्का होतो. चौसष्ट सोडून पासष्ट उद्धृत करणाऱ्याने एक तर मूळ पाहिलेलं नसतं, नाहीतर पाहून झाकलेलं असतं.

दुसऱ्या बाजूच्या चुकाही तितक्याच आहेत. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं ओतावं असं मनुस्मृतीत आहे, हे तू शंभरदा ऐकलं असशील. ते मनुस्मृतीत नाही. ते गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात आहे, आणि तिथले शब्द 'त्रपुजतुभ्याम्', म्हणजे कथील किंवा शिसं आणि लाख. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणावर, म्हणजे शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही असं ठरवणाऱ्या भागावर (1.3.34 ते 38), भाष्य करताना शंकराचार्य हेच वचन आधाराला घेतात, हे जास्त गंभीर आहे. संदर्भ बरोबर दिलास तर तुझा मुद्दा दुप्पट जड होतो. तसंच 'जन्मना जायते शूद्रः संस्काराद् द्विज उच्यते' हे मनूचं म्हणून फिरतं; मनुस्मृतीत ते नाही. अत्रिस्मृतीत याच्या जवळचा श्लोक आहे, पण त्याची सुरुवात 'जन्मना ब्राह्मणो ज्ञेयः' अशी, म्हणजे अर्थ उलटा.

विषमता दाखवायची तर विशेषणं वापरू नकोस, आकडे ठेव. मनुस्मृती 8.267 आणि 268 शेजारी मांड. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला 100 पण (तेव्हाचं नाणं) दंड, वैश्याला 150 किंवा 200, शूद्राला शारीरिक शिक्षा. ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर 50, वैश्याला दिली तर 25, शूद्राला दिली तर 12. यावर समोरून 8.337 आणि 338 येणारच, त्याची तयारी ठेव: चोरीचा दोष शूद्राला आठपट, वैश्याला सोळा, क्षत्रियाला बत्तीस, ब्राह्मणाला चौसष्ट, शंभर किंवा एकशे अठ्ठावीसपट. ते खरं आहे, मान्य कर. मग त्याच अध्यायातला 380वा श्लोक वाचून दाखव: सर्व पापं केली तरी ब्राह्मणाचा वध करू नये, धनासकट आणि इजा न करता त्याला राज्याबाहेर घालवावं.

गीतेचं 'चातुर्वर्ण्यं मया सृष्टं गुणकर्मविभागशः' (4.13) एकटं वाचलं तर गुणावर वर्ण, असंच वाटतं. गुण कुठून आले, हे 18.41 सांगतं: 'स्वभावप्रभवैर्गुणैः'. स्वभाव म्हणजे काय, यावर शांकरभाष्यातला एक पर्याय असा की मागच्या जन्मांत केलेला संस्कार या जन्मी फळाला आला. आणि 18.48 म्हणतं, सहज कर्म सदोष असलं तरी टाकू नये. सहज म्हणजे जन्मासोबत आलेलं. गुणाचा धागा फिरून जन्मालाच बांधला जातो तो असा. आधुनिक काळात गुणप्रधान अर्थ अनेकांनी लावला. तो लावायचा अधिकार त्यांना आहे, तुलाही आहे. फक्त हजार वर्षं तोच अर्थ चालत होता असं म्हणू नकोस.

विरोधाचे आवाजही याच काटेकोरपणे वाच, कौतुकाच्या भरात ढिलाई नको. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज भृगूला विचारतो की काम, क्रोध, भय, लोभ, शोक, चिंता, भूक, थकवा सगळ्यांनाच आहेत, तर वर्णभेद कशावरून? भृगू म्हणतो, 'न विशेषोऽस्ति वर्णानाम्', वर्णांत फरक नाही. हा संवाद पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत 181व्या अध्यायात मिळेल, प्रचलित प्रतींत 188व्यात. अध्यायाचा आकडा देताना आवृत्तीचं नाव दे, नाहीतर शोधणाऱ्याला सापडणार नाही आणि तू खोटा ठरशील. सत्यकाम जाबालाची कथा (छांदोग्य 4.4) सगळे समतेची म्हणून सांगतात. आपलं गोत्र ठाऊक नाही, असं सत्यकामाने खरं सांगितलं तेव्हा त्याचा गुरू गौतम म्हणाला, 'अब्राह्मण असं सांगू शकणार नाही.' सत्यामुळे तो ब्राह्मण ठरला, की सत्यावरून त्याचं ब्राह्मणकुल ओळखलं? ब्रह्मसूत्र 1.3.37 दुसरा अर्थ घेतं आणि शूद्राला अधिकार नाही याचा पुरावा म्हणून हीच कथा वापरतं.

आपल्या ज्ञानेश्वरीत अठराव्या अध्यायाच्या अखेरीकडे ओवी आहे: 'वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥' वेदाइतका श्रीमंत नाही आणि वेदाइतका कंजूष नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. 1290 मध्ये हे मराठीत म्हणणं फार मोठं आहे. तरी चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी, पायरीजवळ आहे आणि त्या मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. ओवी आणि पायरी दोन्ही एकाच पानावर लिही.

'ग्रंथ कोण वाचतो, व्यवहारात काही नव्हतं,' असं म्हणणाऱ्याला वेदोक्त प्रकरण, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करून घ्यायचा हक्क कोणाला यावरचा वाद, दाखव. 'कलावाद्यन्तयोः स्थितिः', म्हणजे कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले, या वचनाच्या जोरावर क्षत्रियत्व नाकारलं जाई. 1674 च्या राज्याभिषेकाआधी शिवाजी महाराजांची मुंज करावी लागली, आणि सव्वादोनशे वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांना वेदमंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र सांगितले गेले. छत्रपतींची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची कल्पना कर. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली ती न वाचता नव्हे. बाबासाहेब तिच्या श्लोकांवर अध्याय आणि क्रमांक देऊन लिहीत होते, आणि दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कुळात जन्मलेल्या सहकाऱ्याने मांडला होता.

एक वही कर. डाव्या पानावर श्लोक, त्याचा क्रमांक आणि आवृत्ती; खाली मागचा एक आणि पुढचा एक श्लोक. उजव्या पानावर शब्दशः अर्थ आणि निदान दोन टीकाकार. मनूसाठी मेधातिथी आणि कुल्लूक पुरेत. तुझं मत सगळ्यात शेवटी, वेगळ्या शाईने. दिवसाला एकच श्लोक घे. संस्कृत कच्चं असेल तर विभक्ती आणि समास आधी पक्के कर, कारण 'पद्भ्यां' आणि 'मुखबाहूरुपज्जानाम्' यांतला फरक भाषांतरात पुसला जातो. पहिल्या आठवड्यासाठी मनुस्मृती 10.51 ते 56 घे: चांडाळांनी गावाबाहेर राहावं, मेलेल्यांची वस्त्रं घालावीत, फुटक्या भांड्यांत जेवावं, रात्री गावात फिरू नये. सहाच श्लोक आहेत. प्रत्येकासमोर उजव्या पानावर लिही, की यातलं काय तुझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत चालू होतं. ते घरातल्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिही, आणि मग ती वही मला पाठव.