कुत्र्याची जात निवडताना बारा वर्षांचा हिशेब

प्रश्न: आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलं ६ आणि १० वर्षांची आहेत. रविवारी आम्ही सगळे डोंगर चढतो, सायकली चालवतो. मुलांना बॉर्डर कॉली हवा आहे. आम्हाला लॅब्राडोर किंवा बीगलही चालेल. महिन्याचं उत्पन्न १०० धरलं तर ३२ घरकर्जाच्या हप्त्यात, ४५ घरखर्चात आणि १३ मुलांच्या शिक्षणाच्या गुंतवणुकीत जातात. हातात १० उरतात. चार महिन्यांचा आपत्कालीन निधी बाजूला आहे. पिल्लाची किंमत ६० आहे. ती निधीतून द्यावी, की ब्रीडर म्हणतो तसे ६ चे १२ हप्ते घ्यावेत? आणि कोणती जात आम्हाला झेपेल? आठवड्यातले तीन दिवस आम्ही दोघेही सकाळी बाहेर पडतो ते संध्याकाळीच परततो.

उत्तर: निधीतूनही नको आणि हप्त्यांवरही नको. आधी हप्त्यांबद्दल सांगतो, कारण ते दिसतात तितके स्वस्त नाहीत. ६० च्या जागी ७२ द्यायचे म्हणजे वरवर २० टक्के जादा. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण ६० वर आकारलेलं आहे. त्यामुळे खरा व्याजदर वर्षाला ३५ टक्क्यांच्या आसपास पडतो. शिवाय दरमहा १० पैकी ६ हप्त्यात गेले की कुत्र्याच्या पहिल्या वर्षासाठी ४ उरतात, आणि पहिलं वर्षच सगळ्यात खर्चाचं असतं. लसी ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि १६ आठवड्यांपर्यंत दर ३ ते ४ आठवड्यांनी द्याव्या लागतात. त्यात जंतांचं औषध, रेबीजची लस, वर्षाचा बूस्टर, नसबंदी, प्रशिक्षण, पिंजरा, पट्टे आणि कुरतडलेल्या चपला धरा.

निधीतून ६० काढले तर घरकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला लागणाऱ्या ७७ च्या हिशेबाने चार महिन्यांची तजवीज सव्वातीन महिन्यांवर येते. घरात कर्ज आहे आणि मुलं लहान आहेत. नोकरी गेली तर तो पाऊण महिना फार महत्त्वाचा ठरेल. आणि तेव्हा घरात खाणारं तोंडही एकाने वाढलेलं असेल.

आता जातीकडे वळू, कारण खरा पैसा तिथे ठरतो. पिल्लाची किंमत एकदाच जाते. जात ठरली की पुढे रोज लागणाऱ्या चार गोष्टी ठरतात: पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याचं वजन, त्याचे केस, त्याला रोज लागणारं काम आणि त्याच्या म्हातारपणाचे आजार.

वजनापासून सुरुवात करा. पशुवैद्य वापरतात त्या सूत्राने नसबंदी झालेल्या, मध्यम हालचालीच्या प्रौढ कुत्र्याला १० किलो वजनाला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात, १८ किलोला ९८०, तर ३० किलोला १,४३५. बहुतेक कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. म्हणजे बीगलच्या मापाच्या कुत्र्याला महिन्याला ५ किलो खाद्य, १८ किलोच्या कुत्र्याला ८ किलो आणि लॅब्राडोरला साडेअकरा किलो. तिप्पट वजनाला खाद्य सव्वादोनपट लागतं, पण औषधांचं तसं नाही. प्रतिजैविकं, वेदनाशामकं आणि भुलीची औषधं बहुतेक वेळा किलोमागे मोजून देतात, म्हणून तिथे वजन तिप्पट तर मात्राही तिप्पट. गोचिड-पिसवांच्या गोळ्या वजनाच्या टप्प्यांनुसार येतात आणि वरचा टप्पा महाग असतो. तुमच्या भागातले भाव या किलोंना लावून बघा. खाद्य, गोचिडांची गोळी, लस आणि वर्षातून एक तपासणी मिळून महिन्याला ५ च्या वर जात असेल, तर तो आकार तुमच्या १० मध्ये बसत नाही. उरलेल्या ५ पैकी ३ मोठ्या आजारासाठी वेगळ्या खात्यात जायला हवेत आणि २ मोकळे राहायला हवेत.

बॉर्डर कॉली १४ ते २० किलोचा असतो, म्हणजे खाण्यापिण्याचा खर्च मधला. तरीही मी त्याला नाही म्हणतो. मेंढ्या वळवण्यासाठी घडवलेला हा कुत्रा आहे. रोज दीड-दोन तासांची पळापळ आणि त्याशिवाय डोक्याला काम मिळालं नाही तर तो स्वतःच काम शोधतो: सावल्यांच्या मागे धावणं, भिंतीवरच्या उजेडावर तासनतास नजर लावून बसणं, पळणाऱ्या मुलांच्या टाचांना दात लावून त्यांना एका जागी गोळा करणं. यात दुष्टपणा काही नाही, ते त्याच्या रक्तातच आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला ते चावणंच वाटतं. तुमच्या पत्रात डोंगर आणि सायकली रविवारच्या आहेत. कुत्र्याला मंगळवारही तेवढाच लागतो. घर किती हालतं-फिरतं आहे हे आठवड्यातल्या सगळ्यात दमछाक झालेल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ मिळून किती मिनिटं बाहेर पडता यावर मोजा. पाऊण ते एक तास निघत असेल तर लॅब्राडोर किंवा बीगल जमेल. कॉलीसाठी तीन दिवस फिरवणारा माणूस किंवा दिवसभराचं पाळणाघर लावावं लागेल. तो भाव विचारा, त्याला महिन्याच्या १२ ते १३ दिवसांनी गुणा आणि १० शी ताडून बघा. बहुतेक घरांत कॉलीचं गणित इथेच मोडतं, आणि पिल्लू घरी आल्यावर तीन-चार महिन्यांनी मोडतं.

बीगल ९ ते ११ किलोचा, मुलांमध्ये मिसळणारा, साधारण १२ ते १५ वर्षं जगणारा. खर्चाला तिघांत सगळ्यात हलका. अडचण त्याच्या नाकाची आहे. वास लागला की हाक ऐकू येत नाही, म्हणून डोंगरावर त्याला मोकळं सोडता येणार नाही, १० मीटरची लांब दोरी कायम लागेल. एकटा राहिला की तो लांब सूर लावून ओरडतो. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील तर तुमच्या तीन लांब दिवसांमुळे तक्रारी येतील. स्वतंत्र घर आणि पक्कं कुंपण असेल तर बीगलला माझी हरकत नाही.

लॅब्राडोर तुमच्या कुटुंबाच्या स्वभावाला सगळ्यात जवळचा. पण त्याचा आजारपणाचा खर्च आधीच समजून घ्या. खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांची सदोष वाढ या जातीत नेहमी दिसते. गुडघ्याचा लिगामेंट तुटणंही तसंच, आणि एक गुडघा गेलेल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांचा दुसराही पुढे जातो. भूक हा वेगळाच विषय. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात साधारण चौथ्या हिश्शाच्या लॅब्राडोरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव कमी होते. अशा कुत्र्याला मुलांनी ताटातलं उरलेलं भरवलं की वजन चढतं, आणि चढलेलं वजन सांध्यांवर येतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडोर आयुष्यभर पाहिले गेले. जोडीला ठेवलेल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खायला मिळालेले कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीचे उपचारही उशिरा लागले. म्हणून खाद्य तराजूवर ग्रॅममध्ये मोजा, बक्षिसाचे तुकडे त्यातूनच वजा करा. बरगड्या हलक्या हाताने चाचपून जाणवल्या पाहिजेत. यापेक्षा स्वस्त आरोग्य विमा मला माहीत नाही.

इतर जातींबद्दल लोक विचारतात म्हणून थोडक्यात. गोल्डन रिट्रीव्हर स्वभावाने उत्तम, पण कर्करोगाचं प्रमाण जास्त आणि केस भरपूर गळतात. जर्मन शेफर्ड पहिल्या कुत्र्यासाठी मी सुचवत नाही. पग आणि फ्रेंच बुलडॉग धावणाऱ्या घरात आणूच नका. चपट्या नाकामुळे त्यांना श्वास पुरत नाही, दमताना अंग तापतं, आणि श्वासमार्गाची शस्त्रक्रिया महाग असते. पूडलचे केस गळत नाहीत, पण वाढत राहतात. दर सहा आठवड्यांनी कापायचे म्हटले तर बारा वर्षांत शंभरएक वेळा ग्रूमरकडे जावं लागतं.

आता तुम्ही न विचारलेला, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: पिल्लूच हवं का? आज आणलेलं पिल्लू ९ ते १२ वर्षांचं होईल तेव्हा थोरलं मूल १९ ते २२ चं आणि धाकटं १५ ते १८ चं असेल. एकाची कॉलेजची फी चालू, दुसऱ्याची तोंडावर, आणि नेमकं तेव्हाच सांधेदुखीची रोजची गोळी, रक्ततपासण्या, गाठी, दात. तीन वर्षांचा प्रौढ कुत्रा घेतलात तर तेच म्हातारपण मुलं १६ ते १९ आणि १२ ते १५ वर्षांची असताना येतं. दोन फिया एकत्र पडण्याआधी तो खर्च बराचसा उरकलेला असतो.

प्रौढ कुत्र्याचे इतर फायदेही मोजण्यासारखे आहेत. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त लघवी रोखू शकत नाही, म्हणजे तुमचे तीन लांब दिवस रजेने किंवा पगारी माणसाने भरावे लागतील. प्रौढ कुत्रा सहा-सात तास काढतो. त्यालाही दुपारी एकदा बाहेर नेणारं कोणी हवं, पण एक फेरी पुरते. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांची टोकं १५ ते १८ महिन्यांपर्यंत वाढत असतात, तोवर सायकलमागे पळवणं किंवा लांब चढण चढवणं सांध्यांना घातक. ज्या कारणासाठी कुत्रा हवा आहे ते कारणच सव्वा-दीड वर्ष पुढे जातं. आणि तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव, वजन, खुबे डोळ्यांसमोर असतात. पिल्लाबाबत या सगळ्याचा अंदाजच करावा लागतो.

म्हणून माझा सल्ला: १५ ते २० किलोचा, दोन ते चार वर्षांचा, मुलांच्या घरात राहिलेला मिश्र जातीचा कुत्रा दत्तक घ्या. तसा मिळाला नाही तर घर बदलावं लागलेला प्रौढ लॅब्राडोर. आश्रयगृहाला स्पष्ट विचारा: मुलांबरोबर राहिलाय का, खाताना जवळ गेलेलं चालतं का, एकटा राहिला की काय करतो. दोन-तीन आठवड्यांच्या चाचणीमुदतीवर घरी आणता येईल का हेही विचारा.

पैशांची तयारी आधी करा. पुढचे सहा महिने कुत्रा घरात आहे असं धरून दरमहा ८ वेगळ्या खात्यात टाका. ४८ जमतील. त्या काळात एकदाही ते पैसे मोडावे लागले तर थांबा, कारण कुत्रा आल्यावर मोडायची सोय नसते. जवळच्या पशुवैद्याकडून २० आणि ३० किलोच्या कुत्र्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा अंदाज लेखी घ्या. त्याची निम्मी रक्कम खात्यात असल्याशिवाय कुत्रा आणू नका, उरलेली निम्मी पुढच्या दोन वर्षांत दरमहा ३ ने भरा. सहा महिने मुलांनी रोज सकाळी ठरलेल्या वेळी अर्धा तास चालायला यावं. कोण कंटाळतं ते कळेल. कंटाळा आला तरी जबाबदारी मोठ्यांचीच, कारण ३० किलोच्या कुत्र्याचा पट्टा दहा वर्षांच्या मुलाच्या हातात सुरक्षित नसतो. धाकट्याला कुत्र्याबरोबर खोलीत एकटं ठेवू नका. मुलांना होणारे बहुतेक चावे ओळखीच्या कुत्र्याचेच असतात, बऱ्याचदा तो खात किंवा झोपलेला असताना.

विमा घ्यायचा असेल तर कुत्रा आल्याच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज करा आणि चार कलमं वाचा: प्रतीक्षा काळ किती, आनुवंशिक आजार धरले आहेत का, वयानुसार प्रीमियम कसा चढतो, आणि एका पायाला आधी दुखापत झाली असेल तर दुसरा पाय वगळला आहे का. शेवटचं कलम लॅब्राडोरसाठी निर्णायक आहे. प्रीमियम महिन्याला ३ च्या वर गेला तर तेच ३ स्वतःच्या खात्यात टाकलेले बरे.

आणि शेवटी पिल्लूच घ्यायचं ठरलं, तर ६० मागणाऱ्याकडे आईवडिलांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे अहवाल मागा, डोळ्यांची तपासणी मागा, लॅब्राडोर असेल तर धावताना कोसळण्याच्या आणि दृष्टिपटल झिजण्याच्या आनुवंशिक चाचण्याही मागा. शुद्ध जातीचा दाखला म्हणजे आरोग्याचा दाखला नाही. पिल्लांची आई प्रत्यक्ष दाखवायला टाळाटाळ झाली, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू न्यायला सांगितलं, किंवा आजार निघाल्यास परत घेण्याची लेखी अट नाकारली, तर किंमत ६० वरून ३० केली तरी तिथून उठा.