टेक्सस: घराचा टॅक्स वाढतो, मग शाळेला पैसे का कमी पडतात?

तुमचे प्रश्न दोन. टॅक्स दरवर्षी वाढतो तरी डिस्ट्रिक्ट (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) तुटीचं रडगाणं का गातं? आणि शाळेचा ‘सीसीएमआर’ आकडा (कॉलेज, नोकरी किंवा सैन्यासाठी किती मुलं तयार झाली त्याचा) चांगला आहे, म्हणजे मुलगी कॉलेजसाठी तयार झाली असं धरायचं का?

डिस्ट्रिक्टला किती मिळणार हे राज्याचं सूत्र ठरवतं, तुमच्या घराची किंमत नव्हे. रोजच्या हजेरीची सरासरी गुणिले ‘बेसिक अलॉटमेंट’ (दर मुलामागची मूळ रक्कम), त्यावर काही मुलांसाठी वाढीव भार. ही मूळ रक्कम 2019 मध्ये 6,160 डॉलर झाली आणि पुढे 2025 पर्यंत जागची हलली नाही. 2025 मध्ये वाढली ती 55 डॉलर! (शिक्षकांच्या पगारवाढीसाठी वेगळा निधी आला, तेवढं श्रेय द्यायला हवं.) घरांच्या किमती चढल्या की स्थानिक टॅक्सचा वाटा वाढतो आणि राज्य आपला हात आखडता घेतं. त्याहून जास्त जमलं तर ते ‘रिकॅप्चर’मध्ये, म्हणजे लोकांच्या भाषेत रॉबिन हूडमध्ये जातं: ते राज्य काढून घेतं. ऑस्टिन डिस्ट्रिक्ट वर्षानुवर्षं यात सर्वांत मोठी रक्कम भरत आलंय.

टॅक्सच्या बिलात शाळेचे दोन दर असतात ते बघा. ‘एम अँड ओ’तून (रोजच्या खर्चाचा दर) पगार निघतात, ‘आय अँड एस’मधून बाँडचं कर्ज फिटतं. म्हणून शिक्षक कमी करणारं डिस्ट्रिक्ट त्याच वर्षी नवं स्टेडियम बांधताना दिसतं. चिडचिड होते, पण त्या पैशातून पगार देता येत नाहीत. आणि हो, मुलांना घेऊन शाळेच्या दिवसांत तीन आठवडे भारतात गेलात, तर ती गैरहजेरीही त्या सरासरीतून वजा होते.

आता सीसीएमआर. इथे नीट लक्ष द्या. शाळेला ग्रेड देताना राज्य कुठल्याही एका एपी परीक्षेतले (हायस्कुलात द्यायची कॉलेज पातळीची परीक्षा) 5 पैकी 3 गुणसुद्धा ‘तयार’ धरतं. ह्यूमन जिओग्राफीत 3 मिळाले, गणिताचा पत्ता नाही, तरी मूल मोजलं जातं. 2019 च्या कायद्याने ठरवलेला बोनस डिस्ट्रिक्टला देताना मात्र, मूल कॉलेजसाठी तयार म्हणून मोजायचं तर राज्याला वाचन आणि गणित दोन्हींत ‘टीएसआय’ची (कॉलेजच्या तयारीचा राज्याचा निकष) पातळी लागते, शिवाय मुलाने कॉलेजात प्रवेश घेतलेला किंवा असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) मिळवलेली लागते. गरीब घरच्या मुलामागे 5,000 डॉलर, इतरांमागे 3,000, तेही ठरावीक टक्क्यांच्या वरच्या मुलांसाठीच. म्हणजे कौतुक करायचा निकष सैल, पैसे सोडायचा कडक. मी विश्वास ठेवीन तो दुसऱ्यावर.

‘स्टार’ (राज्याची शालेय परीक्षा) पास झाल्यावरही विसंबू नका. त्यातलं गणित अल्जिब्रा वनवर संपतं, जे बरीच मुलं आठवी-नववीतच देऊन मोकळी होतात. टीएसआयसाठी एसएटीत (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) गणितात 530 आणि वाचन-लेखनात 480 लागतात. ते नसतील आणि दुसरी कुठली सूट लागू होत नसेल, तर सरकारी कॉलेजात जोडवर्ग (नेहमीच्या विषयासोबत घ्यायचा पाया पक्का करण्याचा वर्ग) गळ्यात पडतो: फी भरायची, पण त्याचं क्रेडिट पदवीत धरत नाहीत.

काउन्सेलरला एवढंच विचारा: “टीएसआय गणितात झालं का, वाचनात झालं का, आणि कुठल्या परीक्षेवर?” अकरावीच्या सुरुवातीलाच विचारा, म्हणजे परीक्षा पुन्हा द्यायला वेळ राहतो.