इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी वार्डी, त्याच्यासारखा खालच्या लीगमधला स्ट्रायकर (गोल मारायला पुढे खेळणारा) एवढा वर कसा पोचला? त्याचं उदाहरण खरंच लागू पडतं का?

तुम्ही लिहिलंय की भाच्याला सोळाव्या वर्षी ॲकॅडमीने अंगाने लहान म्हणून काढलं आणि तेव्हापासून घरात जो येतो तो त्याला वार्डीची गोष्ट ऐकवून जातो, तर त्यात दम किती आणि नशीब किती, असा तुमचा प्रश्न. मी काही कोच वगैरे नाही, पण वार्डीच्या लेस्टर क्लबने इंग्लंडची सगळ्यात वरची लीग मारली ते २०१५-१६ चं येडं वर्ष मी लेस्टर शहरातच होतो, एमएस्सी करायला गेलेलो (जायच्या आधी घरी सगळ्यांना लायसेस्टर लायसेस्टर सांगत होतो, तिथं उतरल्यावर कळलं लेस्टर म्हणतात), त्यामुळे जरा जवळून बघितलंय म्हणून लिहितो. लांब होईल.

आधी ती नेहमीची गोष्ट उरकून टाकतो. वार्डी शेफिल्डचा, जन्म १९८७ चा. शेफिल्ड वेन्सडे हा त्याचा लहानपणापासूनचा क्लब, त्यांच्याच युथ टीममध्ये होता आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांनी लहान चणीचा म्हणून सोडून दिलं. मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाचा शेफिल्डजवळचा एक छोटा क्लब, आठवड्याला ३० पौंड, आणि दिवसा मेडिकल स्प्लिंट बनवायच्या कारखान्यात नोकरी. २००७ मध्ये पबबाहेर मारामारी झाली. कमी ऐकू येणाऱ्या मित्राची कुणीतरी टिंगल केली म्हणून हा मध्ये पडला असं तो सांगतो, पण कोर्टात दोषी ठरला आणि पायाला इलेक्ट्रॉनिक टॅग लागला, संध्याकाळी ठरलेल्या वेळेला घरात पाहिजे म्हणजे पाहिजे. त्यामुळे बाहेरगावची मॅच असली की तासभर खेळायचं, बदली खेळाडू आत आला की कुंपणावरून उडी मारून थेट आईवडिलांच्या गाडीत, आणि घर गाठायचं. अशा पोराला बघायला मोठ्या क्लबचा स्काउट कशाला येईल, आला तरी साठाव्या मिनिटाला माणूस गायब!

मग २०१० मध्ये हॅलिफॅक्स, तिथं एका सीझनला पंचवीसेक गोल आणि टीम लीग जिंकून वर. २०११ मध्ये फ्लीटवूड, ही इंग्लंडच्या लीगच्या उतरंडीत वरून पाचवी पायरी, तिथं लीगमध्ये ३६ मॅचमध्ये ३१ गोल आणि परत टीम लीग जिंकून वर. आणि मे २०१२ मध्ये लेस्टरने १० लाख पौंड मोजून घेतला, नॉन-लीग (म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्या खालच्या) खेळाडूला तोवर कुणी एवढे दिले नव्हते. यातली एक गंमत फारशी कुणी सांगत नाही. हा माणूस आठव्या पायरीवरून सातव्या, सहाव्या, पाचव्या पायरीवर आला आणि तिथून थेट दुसऱ्या. तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमध्ये कधी खेळलाच नाही. जिना चढता चढता मधल्या दोन पायऱ्या गाळून उडी मारली, आणि म्हणूनच पुढचं वर्ष आपटला.

कारखाना, टॅग, ३० पौंड हे सगळं सिनेमासारखं आहे म्हणून लोक तेच सांगतात. माझ्या मते खरी गोष्ट २०१२-१३ ची आहे. लेस्टर तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं. वार्डीचे लीगमध्ये २६ मॅच आणि ४ गोल. बस. वय २५-२६. हा आपला प्रांत नाही, परत खाली जाऊ का, असं त्याच्या डोक्यात चाललेलं.

हे मला आधी पुस्तकी माहीत होतं, नीट कळलं ते घरमालक काकांमुळे. मी बेलग्रेव्ह रोडच्या मागे एका गुजराती काकांकडे खोली घेऊन राहायचो. काका लहानपणी १९७२ ला युगांडातून आलेले, लेस्टर तिसऱ्या डिव्हिजनला घसरलं होतं तेव्हासुद्धा सीझन तिकीट न सोडलेला माणूस. मी एकदा जेवताना म्हटलं काका, तुम्ही तर वार्डीला पहिल्या दिवसापासून बघितलंय, भारीच की, तर ते चपाती मोडता मोडता थांबले आणि म्हणाले की पहिल्या वर्षी मीच स्टँडमधून ओरडायचो याला, घरी जा म्हणून, दहा लाख पाण्यात गेले असं आम्ही सगळेच बोलायचो. काकी आतून ओरडल्या, घरी येऊन पण हेच बोलायचे. काका गप्प.

तर त्या वर्षी झालं काय, की मॅनेजर नायजेल पिअरसन आणि त्यांचे असिस्टंट क्रेग शेक्सपिअर यांनी त्याला बसवून सांगितलं की तू या लेव्हलचा आहेस, आम्हाला खात्री आहे, कुठे जायचं नाही. आणि नुसतं बोलले नाहीत, पुढच्या सीझनला खेळवला. २०१३-१४ मध्ये १६ लीग गोल, लेस्टर १०२ पॉइंट घेऊन चॅम्पियनशिप जिंकून प्रीमियर लीगमध्ये. तिथंही पहिल्या वर्षी परत तेच, सीझनभरात ५ गोल, टीम ख्रिसमसला तळाला आणि शेवटच्या ९ पैकी ७ मॅच जिंकून कशीबशी वाचलेली. म्हणजे बघा, वरच्या प्रत्येक लेव्हलला या गड्याला एक अख्खं वर्ष लागलं आणि दोन्ही वेळा क्लबने ते वर्ष दिलं. नशीब म्हणायचं तर मी याला म्हणेन. दुसरा एखादा क्लब असता तर जानेवारीतच लोनवर (उसना म्हणून दुसऱ्या क्लबला) पाठवला असता आणि तुमच्या-माझ्यापर्यंत हे नावसुद्धा आलं नसतं.

आता फुटबॉलचं. लोक म्हणतात तो फास्ट होता. फास्ट तर शेकड्याने पोरं असतात. मला एकदाच स्टेडियममध्ये जायला मिळालं, २ फेब्रुवारी २०१६, मंगळवार, लिव्हरपूलविरुद्ध, काकांचा मुलगा ऑफिसमध्ये अडकला म्हणून त्याचं तिकीट माझ्या पदरात पडलं. थंडी अशी की बोटं कळत नव्हती, सीटवर ते पुठ्ठ्याचे क्लॅपर ठेवलेले असतात ते वाजवून वाजवून हात गरम करायचे. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे असतो, त्यामुळे स्ट्रायकर बॉल नसताना काय करतो हे कधी दिसतच नाही. तिथं बसल्यावर मी अर्धा तास नुसता वार्डीलाच बघत होतो. तो शेवटच्या डिफेंडरच्या खांद्याला खांदा लावून उभा, बॉलकडे कमी आणि बाजूच्या लाइनीकडे जास्त बघणार, दोन पावलं मागे, एक पुढे, ऑफसाइडच्या दोरीवर चालल्यासारखा. पाच वेळा पळायचा, पाचही वेळा पास यायचा नाही, हात वर करून वैतागायचा नाही, परत येऊन परत तिथंच उभा. डिफेंडरला श्वास नाही. आणि मग साठाव्या मिनिटाला लेस्टरचा विंगर माहरेझ, त्याने आपल्या हाफमधून लांब बॉल टाकला, एक टप्पा पडला आणि याने पंचवीसेक यार्डांवरून तसाच हाणला, गोलकीपर मिन्योले जरा पुढे आलेला, त्याच्या डोक्यावरून आत. माझ्या बाजूला बसलेला अनोळखी म्हातारा मला मिठी मारून हलवत होता, मला गोल झालाय हे कळायला एक सेकंद जास्तच लागला. काका मात्र बसूनच, हात डोक्याला.

माझा मुद्दा असा की हे जे पळणं आहे ना, डिफेन्सच्या मागची मोकळी जागा हेरून वेळेवर सुटणं, हे आठव्या डिव्हिजनमध्ये आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये एकच काम आहे. फक्त वर वेळ कमी मिळतो. बॉल पायाशी घेऊन चार जणांना चकवणाऱ्याचं खाली चालतं ते वर चालेलच असं नाही, वरचे डिफेंडर फसत नाहीत. वार्डीचं हत्यार वर येऊन बोथट झालं नाही. शिवाय पिअरसननंतर आलेले मॅनेजर रानिएरी, त्यांची टीमच तशी, बॉल समोरच्यांना देऊन टाकायचा, मागे थांबायचं, मधल्या फळीतल्या कान्टेने तो हिसकावायचा आणि दोन पासमध्ये वार्डी. २८ नोव्हेंबर २०१५ चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा गोल बघा, कॉर्नर युनायटेडचा, आपला गोलकीपर श्मायकेल, त्याने बॉल पकडला, हाताने डिफेंडर फुक्सकडे फेकला, फुक्स धावत आला, वार्डी सुटला, गोल. सलग अकराव्या मॅचमध्ये गोल, युनायटेडचा जुना स्ट्रायकर व्हान निस्टलरॉयचा प्रीमियर लीगमधला दहाचा रेकॉर्ड मोडला, तोही त्याच्याच जुन्या क्लबविरुद्ध. बारावी स्वान्सीविरुद्ध हुकली. प्रीमियर लीगच्या आधीच्या जुन्या फर्स्ट डिव्हिजनमधला सलग बाराचा रेकॉर्ड १९३१-३२ मधला जिमी डनचा, शेफिल्ड युनायटेडचा, म्हणजे वार्डीच्याच गावचा पण समोरच्या पार्टीचा, तो तसाच राहिला.

आणि एकटा वार्डीच खालून आलेला असंही नाही. माहरेझ फ्रान्सच्या चौथ्या डिव्हिजनमध्ये कँपेरला खेळून आलेला, कान्टे तिसऱ्या डिव्हिजनमध्ये बुलोनला. सीझन सुरू होताना जिंकायचा सट्ट्यातला भाव ५००० ला १ होता आणि ८१ पॉइंट घेऊन लीग मारली, वार्डीचे २४ गोल. २ मे २०१६ ला दुसऱ्या नंबरवरच्या टॉटनमची चेल्सीबरोबरची मॅच २-२ सुटली आणि लेस्टर न खेळताच चॅम्पियन झालं, सगळी टीम वार्डीच्या घरी टीव्हीसमोर. आम्ही काकांच्या घरी. चेल्सीच्या हॅझार्डचा बरोबरीचा गोल झाला आणि बेलग्रेव्ह रोडवर हॉर्न सुरू झाले ते रात्रभर, काकींनी मध्यरात्री शिरा केला.

भाच्याला आदर्श म्हणून सांगताना एक गोष्ट लपवू नका. ऑगस्ट २०१५ मध्ये वार्डीचा कसिनोतला व्हिडिओ बाहेर आला, एका पूर्व आशियाई दिसणाऱ्या माणसाला वर्णावरून घाणेरडं बोलला होता. माफी मागितली, क्लबने दंड लावला. मी तिथं सावळा परदेशी पोरगा, मला त्या वर्षी प्रत्येक गोलला नाचताना ते कुठेतरी टोचायचंच, आणि नाचायचो पण. दोन्ही खरं.

नंतरचं थोडक्यात. लीग मारली त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आर्सेनल मागे लागलं, हा गेला नाही. २०१९-२० मध्ये ३३ व्या वर्षी २३ गोल मारून गोल्डन बूट (लीगमध्ये सगळ्यात जास्त गोलचं बक्षीस), एवढ्या वयात तो कुणीच घेतला नव्हता. २०२१ मध्ये एफए कप. मग टीम खाली गेली, त्याच्यासोबत वर आली, परत खाली गेली. मे २०२५ मध्ये इप्सविचविरुद्ध लेस्टरसाठी शेवटची मॅच, ती ५०० वी, आणि त्यात २०० वा गोल. मग २०२५ मध्येच, ३८ व्या वर्षी, इटलीत क्रेमोनेसे क्लबकडे गेला.

तर भाच्याचं. वार्डीला काढल्यावर तो दुसरी ॲकॅडमी शोधत बसला नाही, दर शनिवारी मोठ्या बाप्यांबरोबर मॅच खेळला, लाथा खाल्ल्या, आणि इंग्लंडमध्ये त्या मॅचला पुढे पायरी होती, लीग जिंकली की टीम वर. ही पायरीच आपल्याकडे अर्धवट आहे. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचेस बघत वाढलो, तिथं एकेक असा स्ट्रायकर बघितलाय की अंगावर काटा यायचा, पण हंगाम संपला की तो परत दुकानात. त्यामुळे वार्डीचं उदाहरण भाच्याला तेवढ्यास तेवढं लागू नाही, आणि घरच्यांनी रोज ऐकवू पण नये, पोरगं वैतागेल. आत्ता सोळाचा आहे ना, उंची अजून वाढेल, तोवर आठवड्याला एक तरी खरी मॅच, मोठ्यांच्या टीममध्ये, बेंचवर नाही तर मैदानात, एवढं बघा. ॲकॅडमीचं नाव छोटं असलं तरी चालेल.

आणि तो खेळतो कुठल्या पोझिशनला हे तुम्ही लिहिलंच नाहीये. स्ट्रायकर असेल तर वरचं ठीक आहे, विंगर असेल तर वार्डी सोडा, माहरेझच्या जुन्या मॅचेस बघायला सांगा त्याला.