चौदाव्या दिवशी कोण आलं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. सांगलीला डिप्लोमा, पुण्यात डिग्री, आता हिंजवडीत चांगल्या पगारावर. दोन वर्षांपूर्वी मित्राबरोबर एका ध्यान शिबिराला गेला. पहिले सहा महिने आम्हालाही बरं वाटलं. सिगारेट सुटली, पहाटे उठायला लागला. आता निम्म्याहून जास्त पगार आश्रमाला जातो. यंदा दिवाळीला घरी आला नाही. फोनवर म्हणतो, ‘रक्ताची नाती हा पहिला मोह असतो, असं गुरुजी सांगतात.’ एवढा शिकलेला पोरगा एका माणसाच्या मुठीत जातोच कसा? माझा मेव्हणा म्हणतो, चार पोरं नेऊ आणि उचलून आणू. जाऊ का? — एक वडील, जि. सांगली

उत्तर : नमस्कार भाऊ. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे घाई आहे. जाऊ नका. मुलगा सज्ञान आहे. त्याला उचलून आणलंत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. अमेरिकेत १९७० च्या दशकात हतबल आईबापांनी पैसे देऊन अशी माणसं लावली होती. पोरांना गाडीत कोंबून न्यायचे, खोलीत डांबून दिवसरात्र समजावायचे. त्यातून खटले झाले, काहींना शिक्षा झाल्या आणि कितीतरी पोरं संधी मिळताच परत पळाली. ‘बाहेरचे लोक तुझे वैरी आहेत,’ हे गुरुजींचं वाक्य तुम्ही चार पोरांनिशी खरं करून दाखवाल. त्याहून मोठी मदत त्यांना दुसरी कुठली हवी?

आता शिक्षणाबद्दल. जपानमध्ये शोको असाहारा नावाचा माणूस होता. एका डोळ्याने आंधळा, दुसऱ्याने जेमतेम दिसायचं. १९८४ मध्ये टोकियोत त्याने योगाचा छोटा वर्ग सुरू केला, त्याचाच पुढे ‘ओम शिनरिक्यो’ हा पंथ झाला. त्यात रसायनशास्त्रज्ञ होते, इंजिनिअर होते, इकुओ हायाशी नावाचा हृदयाचा सर्जन होता. असाहाराच्या मेंदूतल्या लहरींशी आपल्या लहरी जुळाव्यात म्हणून ही माणसं तारा जोडलेली टोपी डोक्यावर चढवून बसायची. २० मार्च १९९५ ला पाच जणांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. त्यातली एक पिशवी छत्रीच्या टोकाने फोडणारा हात या सर्जनचा होता. त्या पिशवीमुळे रेल्वेचे दोन कर्मचारी गेले. सगळ्या गाड्यांमधले मिळून १४ बळी गेले, हजारो जखमी झाले. ज्या हातांनी माणसांची हृदयं दुरुस्त केली, त्याच हातांनी.

शिक्षण हिशोब शिकवतं, पुरावा तपासायला शिकवतं. पण रात्री खोलीवर एकटं बसल्यावर ‘हे सगळं कशासाठी?’ असं वाटतं ना, त्याला ते पुरत नाही. तिथे जो पहिला येतो त्याला जागा मिळते. हे मला पुस्तकांतून कळलेलं नाही. ३१ वर्षं मी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक होते, पण हे नोकरीतही कळलं नाही. कळलं ते माझ्या अक्कामुळे.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. दाजी अचानक गेले तेव्हा ती ५० ची होती, मूलबाळ नव्हतं. आम्ही सगळे जमलो, रडलो, तेराव्याचं गोडाचं जेवण झालं आणि संध्याकाळच्या एसटीने आपापल्या गावी गेलो. प्रत्येकाची नोकरी, प्रत्येकाच्या पोरांची शाळा. चौदाव्या दिवशी तिच्या दारात डबा घेऊन एक बाई उभी राहिली. एका महाराजांच्या सत्संगातली. ती रोज आली. तीन महिने रोज. अक्काशेजारी बसायची, दाजींच्या आठवणी ऐकायची, भांडी घासून जायची. आमच्यातलं कोणी तीन महिन्यांत तीनदा गेलं नव्हतं.

मग अक्का महाराजांच्या दर्शनाला गेली. पहिल्याच भेटीत महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, ‘यजमानांनी शेवटी पाणी मागितलं होतं आणि तुम्ही पोचेपर्यंत उशीर झाला होता. ते मनातून काढा.’ अक्का ढसाढसा रडली. आम्हालाही ठाऊक नसलेली गोष्ट महाराजांना कळली! ती गोष्ट तिने डबेवाल्या बाईला सांगितली होती, हे तिच्या ध्यानात यायला नऊ वर्षं लागली.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या जिम जोन्स नावाच्या पंथप्रमुखाची माणसं नव्या भक्ताच्या घरी काहीतरी निमित्त काढून जायची, औषधांच्या कपाटात डोकवायची, कचऱ्याची बादली चाळायची. रविवारी व्यासपीठावरून जोन्स त्याच माणसाला हाक मारून त्याच्या दुखण्याचं नाव सांगायचा. कोंबडीच्या आतड्यांचे तुकडे दाखवून ‘हा बघा, कॅन्सर बाहेर काढला’ असंही त्याने केलं. पण फक्त एवढं सांगितलं तर तुम्ही त्याला ओळखणार नाही, म्हणून दुसरी बाजू सांगते. १९५० च्या दशकात, गोरे आणि काळे एका बाकावर बसत नव्हते त्या काळात, इंडियानापोलिसमध्ये त्याने दोघांना एका प्रार्थनेला बसवलं. भुकेल्यांना जेवू घातलं, म्हाताऱ्यांची सोय केली, काळ्या आणि कोरियन मुलांना दत्तक घेतलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्याला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमलं गेलं. लोक ढोंगाला भुलून गेले असं म्हणणं सोपं आहे. ते एका चांगल्या कामात सामील झाले होते, आणि त्या कामाच्या दोऱ्या कोणाच्या हातात आहेत हे त्यांना हळूहळू, फार उशिरा दिसलं.

तुमच्या मुलाची सिगारेट खरंच सुटली, हे विसरू नका. त्याच्या दृष्टीने गुरुजींचा हा पहिला पुरावा आहे आणि तो खोटा नाही. ‘तिथे सगळं थोतांड आहे’ असं तुम्ही म्हणालात की त्याला फक्त एवढंच ऐकू येतं, की बाबांना माझ्यातला बदल दिसतच नाही.

मी हेच केलं. अक्काने पाटल्या दिल्या तेव्हा मी गप्प बसले. राहतं घर महाराजांच्या ट्रस्टच्या नावावर केल्याचं कळलं त्या दिवशी तिच्या घरी जाऊन भिंतीवरची महाराजांची तसबीर काढली आणि अंगणात आपटली. काच फुटली. सहा वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला आली नाही. त्या एका दुपारचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते ते करा. दर रविवारी, ठरलेल्या वेळी फोन करा. गुरुजींचा विषय तुम्ही काढायचा नाही. गल्लीतलं सांगा, उसाचं बिल आलं का ते सांगा, आईने कालवण काय केलंय ते सांगा. त्याने उचलला नाही तरी पुढच्या रविवारी करा. तो गुरुजींबद्दल बोलला तर ऐका आणि साधा प्रश्न विचारा, ‘तुला तिथे सगळ्यात जास्त काय आवडतं?’ आणि कधीतरी नंतर, ‘तिथलं तुला न पटलेलं काही आहे का?’ उत्तराची घाई नको. प्रश्न त्याच्याजवळ राहील. त्याच्या जुन्या मित्रांपैकी दोघं तरी त्याच्या संपर्कात राहतील असं बघा. कर्ज काढून पैसे देत असेल तर तुम्ही जामीन राहू नका, आणि ते रागाने न बोलता आधीच सांगून टाका. घराचं दार त्याच्यासाठी उघडं आहे, हेही नुसतं मनात ठेवू नका, बोलून दाखवा.

चमत्काराच्या नावाने पैसे उकळणं, अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून लोकांना धाक घालणं किंवा फसवणं असं काही तिथे चालत असेल, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर कित्येक वर्षं झटले आणि त्यांचा पुण्यात खून झाल्यावर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. पण नुसतं कोणाच्या नादी लागणं हा गुन्हा नाही, तेव्हा पोलिसांकडून फार आशा धरू नका.


प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. एका गटात चार वर्षं होते, आठ महिन्यांपूर्वी बाहेर पडले. मॅडम (आम्ही त्यांना ‘माँ’ म्हणायचो) ज्या दिवशी मोठं संकट येणार म्हणाल्या होत्या, तो दिवस आला आणि गेला. काहीच झालं नाही. तरी मी पुढे दीड वर्ष राहिले. मी मूर्ख होते का? आणि दर शनिवारी सगळ्यांसमोर आपल्या चुका सांगायच्या असत, त्या एका वहीत लिहून घेत. ती वही अजून त्यांच्याकडे आहे. मला झोप लागत नाही. — नाव देऊ नये

उत्तर : मुलीसारखी आहेस म्हणून ‘तू’ म्हणते. नाही, तू मूर्ख नव्हतीस.

संकट आलं नाही, तेव्हा तुमच्या माँ काय म्हणाल्या? माझा अंदाज, ‘तुमच्या साधनेमुळे टळलं.’ बघ, यात तुला केवढं मोठं केलं! जग वाचवणाऱ्यांतली एक. त्या क्षणी उठून जायचं तर मान्य करावं लागणार होतं की अडीच वर्षं, सुटलेलं कॉलेज, तुटलेल्या मैत्रिणी, सगळं वाया गेलं. एवढा घाव एका दिवसात कोण सोसेल? असाहाराने १९९० च्या निवडणुकीत स्वतःसह २५ उमेदवार उभे केले. सगळे पडले. तो म्हणाला, मतमोजणीत घोळ झाला. त्या खुलाशावर विश्वास ठेवून बहुतेक जण राहिले, आणि पंथ तिथून पुढे आणखी कडवा होत गेला. आपटी खाल्ल्यावर माणसं उठून जातील असं आपल्याला वाटतं. ज्यांनी सगळं देऊन टाकलेलं असतं, ती बऱ्याचदा अधिकच घट्ट धरतात.

वहीबद्दल. चुका सांगून मन हलकं होतं, हे खरं. म्हणून तर ती युक्ती चालते. जोन्स आपल्या माणसांकडून न केलेल्या गुन्ह्यांच्या कबुल्या लिहून घ्यायचा, कोऱ्या कागदांवर सह्याही घ्यायचा. कोणी जायला निघालं की ते कागद आहेतच. पण त्याहून वाईट गोष्ट सगळ्यांसमोर बोलायला लावण्यात आहे. शेजारचीच तुझी न्यायाधीश होते आणि पुढच्या शनिवारी तू तिची. मग दोघी एकमेकींपाशी ‘मला हे पटत नाही’ असं कधीच कुजबुजू शकत नाही. प्रत्येकीला वाटतं, शंका फक्त माझ्याच मनात आहे.

याचा शेवट कुठवर जातो ते सांगते. वाचवेल तेवढंच वाच. जोन्सने आपल्या लोकांना दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात, जंगलात नेऊन वसवलं. पासपोर्ट काढून घेतले, पत्रं वाचली जायची, लाउडस्पीकरवर त्याचाच आवाज. १८ नोव्हेंबर १९७८ ला त्याने सगळ्यांना विष प्यायला सांगितलं. तिथे ९०० हून अधिक माणसं मेली, त्यात ३०० हून अधिक मुलं होती. बंदूकधारी पहारा होता, लहानग्यांना तर विष पाजलंच गेलं, म्हणून त्याला सामूहिक आत्महत्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या सभेची ध्वनिफीत उरली आहे. त्यात साठीची एक बाई उभी राहून बोलते. मुलांना जगू द्या म्हणते, दुसरा मार्ग शोधू या म्हणते. जोन्स तिच्याशी वाद घालतो, पण तिचा आवाज दाबते ती गर्दी. तिचेच सोबती. त्या क्षणी आणखी दहा जणी तिच्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तिथे बसलेल्यांत शंका असलेल्या दहा जणी नक्की असणार.

तू उठून आलीस. एकटी आलीस. आता आजच कर : वहीत काय काय होतं ते आठवेल तसं स्वतः लिहून काढ आणि तुझ्या आयुष्यातल्या एका भरवशाच्या माणसाला वाचून दाखव. एकदा ते आपल्या माणसाला ठाऊक झालं की वहीचा धाक बराच उतरतो. कोणी त्यावरून पैसे मागितले किंवा धमकी दिली, तर मेसेज पुसू नकोस, तसेच ठेव आणि वकिलाला दाखव. खंडणी हा गुन्हा आहे. झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेट, त्यात लाज कसली. आणि अजून आत असलेल्या एखाद्या मैत्रिणीची आठवण येत असेल तर तिला वाढदिवसाचा मेसेज पाठव. नुसता वाढदिवसाचा.


प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. नवी सून शिकलेली, गुणी आहे. पण परवा म्हणाली, ‘आई, हाही एक पंथच की.’ मला फार लागलं. तिला काय सांगू? — एक आजी, फलटण

उत्तर : रागावू नका हो. तिने विचारलं आणि तुमच्या घरात तिला ते विचारता आलं, हीच मोठी गोष्ट आहे. वाद घालू नका, माझ्या अक्काचं पुढचं सांगा तिला.

फोटो फोडल्यानंतर वर्षभराने मला अक्कल आली. मी तिला दर महिन्याला पोस्टकार्ड टाकायला लागले. लोणच्याच्या कैऱ्या आल्या, पोरगी पास झाली, असलं. एकदाही उत्तर आलं नाही. इकडे आश्रमात तिच्या साखरेच्या गोळ्या बंद केल्या होत्या, ‘श्रद्धा कमी पडते म्हणून औषध लागतं’ असं सांगून. एक दिवस महाराजांची खोली झाडताना तिला गादीखाली बीपीच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. निम्मी रिकामी. ती कोणाला काही बोलली नाही. चार दिवसांनी रात्री स्टँडवरून फोन आला, ‘येऊ का गं?’ मी म्हटलं, ‘ये, खिचडी टाकते.’ तिच्या पिशवीत दोन लुगडी आणि माझी सगळी पोस्टकार्डं होती.

तर तीच अक्का गेल्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर निघाली. मला धास्ती वाटली, खोटं कशाला सांगू. लोणंदच्या मुक्कामाहून फोन आला, पाय सुजलेत, चालवत नाही. म्हटलं, परत ये. दिंडीप्रमुखांना तिने सांगितलं, तर त्यांनी एका पोराला मोटरसायकल काढायला लावली, तिला एसटीत बसवून दिलं आणि वाटेत खायला शेंगदाण्याचे लाडू दिले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, पोचल्या का म्हणून. यंदा यायचंय का, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. अक्काच विचारतेय, पाय बरा होईल ना गं तोवर?